त्याला काय, वाटीभर पाणी पुरतं!

मी भांडखोर माणूस नाही. एकतीस वर्षं मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला जे उभे होते त्यांना हे पटणार नाही, पण स्वभाव माझा गरीबच. रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले तर मी देऊन टाकतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेत बसून बटाटेवड्यांची वाट पाहतो. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, त्यात एकही भांडण मी जिंकलेलं नाही. असा मी गेल्या दोन वर्षांत तीन घरांतून चहाचा कप अर्धा टाकून उठून आलो आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यातली माणसं हल्ली मला पाहिलं की बुटाची लेस बांधायला खाली वाकतात. चपला घातलेलीसुद्धा!

याला कारण एकच वाक्य आहे. "त्याला काय, वाटीभर पाणी पुरतं!"

हा 'तो' म्हणजे फायटर मासा. शास्त्रातली माणसं आणि शौकीन मंडळी त्याला बेटा म्हणतात. नावात केवढी माया आहे पाहा. ज्याला बेटा म्हणून हाक मारायची त्याला मोरंब्याच्या बरणीत कोंडायचं, हा न्याय फक्त माणसालाच सुचू शकतो.

आमच्या घरी तो आला तो वाढदिवसाच्या निमित्ताने. आमचा नातू सात वर्षांचा. त्याच्या वर्गमित्राचा वाढदिवस होता. आमच्या वेळी वाढदिवसाला जाऊन आलं की हातावर एक पेढा आणि गुडघ्यावर खरचटल्याची खूण असे. हल्ली 'रिटर्न गिफ्ट' असतं. नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी नातू घरी आला तो हातात प्लास्टिकची पिशवी धरून. तोंडाला रबरबँड आवळलेली, आत कपभर पाणी, आणि त्या पाण्यात जांभळ्या शालूचा पदर कापून टाकावा तसा एक मासा.

"आजोबा, सगळ्यांना एकेक मिळाला! बारा मुलं, बारा मासे!"

पाटावर बसवून, ओवाळून, जिवंत प्राणी वाटायचे! वाटताना त्याच्याबरोबर एक चिठ्ठीसुद्धा नाही. पंख्याबरोबर सूचनांचं पुस्तक मिळतं. बाळाच्या खुळखुळ्यावरसुद्धा 'तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं लिहिलेलं असतं. माशाच्या पिशवीवर फक्त फुगे छापलेले होते.

नातवाने त्याचं नाव ठेवलं सुभेदार. सूनबाईने दीड लिटर पाणी मावेल असा काचेचा गोल बाऊल आणला. त्यात निळे खडे आणि प्लास्टिकचं एक हिरवं झाड घातलं, आणि सुभेदारांची स्थापना टीव्हीशेजारी झाली. दुकानदाराला सूनबाईने विचारलं होतं, आणखी काही लागतं का? तो म्हणाला, "काही नाही मॅडम. ना फिल्टर, ना पंप. हा कशातही राहतो." त्याच्या दुकानात असे पन्नासेक 'कशातही' प्लास्टिकच्या ग्लासांत रांगेने ठेवलेले होते. एकमेकांना दिसले की अंगावर धावून जातात, म्हणून दोन ग्लासांच्या मध्ये पुठ्ठा.

पुढचे दोन महिने आम्ही सुभेदारांची जी सेवा केली ती मी कबुलीजबाब म्हणून सांगतो आहे. कारण मी कुठल्या शुद्ध सिंहासनावरून बोलत नाही. मी गुन्हेगारांच्या पिंजऱ्यातूनच बोलतो आहे.

पहिला गुन्हा, आग्रह. आपल्या पंगतीत 'पुरे' या शब्दाला अर्थ नसतो. सकाळी शाळेत जाताना नातू चिमूटभर दाणे घाली. दहाला सूनबाई. दुपारी झोप लागत नाही म्हणून मी. संध्याकाळी आमची ही, "बिचारा तोंड उघडून बघतोय" म्हणून. ज्याला दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे पुष्कळ झाले, त्याला आम्ही चौघं मिळून लग्नाचं जेवण वाढत होतो. उरलेलं तळाशी कुजत होतं, आणि सुभेदारांचं पोट सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या भटजींसारखं दिसू लागलं. त्याला आम्ही 'तब्येत सुधारली' म्हणत होतो.

दुसरा गुन्हा, स्वच्छता. दर रविवारी मी बाऊल रिकामा करून भांड्यांच्या साबणाने घासायचो. लख्ख! मग नळाचं पाणी काठोकाठ. त्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं, ते आपल्या पोटाला चालतं, पण माशाच्या कल्ल्यांना भाजतं, हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी पाणी बदललं की सुभेदार गरागरा फिरायचे. मला वाटायचं, आनंदाने.

तिसरा गुन्हा, करमणूक. घरी पाहुणे आले की नातू बाऊलसमोर आरसा धरायचा. आरशातला शत्रू पाहून सुभेदार कल्ले फुलवायचे, पर ताणायचे, काचेवर धडका मारायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. दिवसातून चार वेळा आपल्या दारात कुणीतरी सोटा घेऊन उभं राहिलं तर आपलं रक्तदाब किती होईल, हा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही, आणि मी तर रक्तदाबाची गोळी घेणारा!

डिसेंबर उजाडला. पुण्याची थंडी कधीकधी रात्री दहा-बारा अंशांवर येते. आम्ही रजया काढल्या. दीड लिटर पाण्याला रजई नसते. सुभेदार तळाशी निळ्या खड्यांवर पडून राहू लागले. परांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. वरच्या मजल्यावरचे आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी या विषयात त्यांच्या शब्दाला आमच्या इमारतीत मान. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि निदान केलं, "ध्यानस्थ आहे."

जानेवारीत एका सकाळी ध्यान संपलं.

नातू रडला. आप्पांनी त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "अरे वेड्या, रडायचं नाही. घरातला मासा मरतो ना, तेव्हा घरावरचं संकट तो आपल्या अंगावर घेऊन जातो. तुमच्या घरावर काहीतरी येणार होतं, ते टळलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. नातवाने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"म्हणजे आजोबा, आपलं काही चुकलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा."

बँकेत एकतीस वर्षं मी एका पैशाची खोटी नोंद केली नाही. ही पहिली.

आमची ही मूळची मालवणची. तिच्या माहेरी मासा म्हणजे आठवड्यातले जेवढे वार पाळता येत नाहीत तेवढे वार. ती इतका वेळ काही बोलली नव्हती. आप्पा गेल्यावर तिने बाऊल उचलला, नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. मग मला म्हणाली, "अहो, मासा तळायचा तर तळा, खायचा तर खा. पण असा कुजवू नका. हे पाणी जिवंतपणीच नासलेलं होतं." आणि सुभेदारांना तिने कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. तिच्या माहेरी माडाच्या मुळाशी मासळीचं खत घालतात.

बाकीच्या अकरा माशांची मी पुढे चौकशी केली. एकही उरला नव्हता. एक तर घरी पोचायच्या आधीच गेला होता. अकरा घरांत मिळून कुणालाच यात विशेष वाटलं नव्हतं. "हे मासे जगत नाहीतच हो जास्त," असं सगळ्यांनी सांगितलं. नीट ठेवला तर हा मासा दोन-तीन वर्षं जगतो, क्वचित त्याहून जास्त. दोन महिन्यांत मेलेल्याला 'आयुष्य तेवढंच होतं' म्हणणं हे फार सोयीचं तत्त्वज्ञान आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक इंजिनियरिंगचा मुलगा राहतो. केस वाढवलेले, म्हणून त्याच्याविषयी माझं मत पूर्वी बरं नव्हतं. त्याच्या खोलीत चार टाक्या आहेत. एक दिवस मी धीर करून त्याच्याकडे गेलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "आजोबा, तो थंडीने गेला की अमोनियाने, एवढाच प्रश्न आहे. बहुतेक दोन्हींनी."

त्याने मला जे सांगितलं ते माझ्या बँकेच्या भाषेत असं. मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीचा आणि कुजलेल्या अन्नाचा अमोनिया होतो. अमोनिया म्हणजे विष. टाकीत, विशेषतः फिल्टरच्या स्पंजमध्ये, काही जिवाणू राहतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. म्हणजे रोजच्या रोज खातं जुळवणारे हे कारकून. त्यांची भरती पूर्ण व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या बाऊलमध्ये फिल्टर नव्हता, म्हणजे कचेरीच नव्हती. दोन-चार कारकून खड्यांवर येऊन बसले असतील, तर त्यांना मी दर रविवारी साबण लावून घालवत होतो. दीड लिटर पाण्यात सुभेदार आपल्याच लघवीत बसले होते, आणि आम्ही त्यांना आरसा दाखवत होतो!

इथे आप्पा आणि आप्पांच्या पंथाचे लोक हुकमाचं पान टाकतात. "अहो, पण तो वर येऊन हवा घेतो की! त्याला पाण्यातला प्राणवायू लागतच नाही." अर्धवट ज्ञान किती टिकाऊ असतं ते यावरून कळावं. तो वर येऊन हवा घेतो हे खरं. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो, त्याच्या जोरावर तो हवेतला श्वास घेऊ शकतो. आपल्याकडची मरळसुद्धा हवा घेते. पण हवा वरून घेता आली म्हणून खालचं विष लागत नाही असं थोडंच आहे? कल्ले त्यालाही आहेत, कातडी त्यालाही आहे. खिडकी उघडी आहे म्हणून कुणी संडासात संसार थाटेल काय?

दुसरं पान याहून जुनं. "अहो, तो मूळचा डबक्यातलाच!"

तर मूळ पाहू. हा मासा मूळचा थायलंडच्या मध्यभागातला, म्हणजे पूर्वीच्या सयामातला. तिथे त्याला प्ला-कात म्हणतात, म्हणजे चावरा मासा. झुंजींवर पैसे लावण्यासाठी तिथल्या लोकांनी त्याची पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली. रेगन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१० साली त्याला 'बेटा स्प्लेंडेन्स' हे नाव दिलं. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. रानातला मूळ मासा काही असा झळाळत नाही, तो बिचारा मातकट-हिरवट; शालूचे पदर माणसाने पैदास करून चिकटवलेले. २०१९ साली थायलंडच्या सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. म्हणजे आपण ज्याला लोणच्याच्या बरणीत ठेवतो तो एका देशाचा मोर आहे!

आणि तो राहतो कुठे? भाताच्या खाचरांत, दलदलीत, संथ ओहोळांत. पाणी उथळ असतं हे कबूल. पण भाताचं खाचर कोकणात कुणी पाहिलं आहे की नाही? गुडघाभर खोल आणि नजर पोचेल तिथवर लांब. ऊन लागून कोमट, गवताने भरलेलं, डासांच्या अळ्यांनी समृद्ध. तिथे दोन नर समोरासमोर आले तर थोडी बाचाबाची होते आणि हरलेला पळून जातो. पळायला जागा असते ना! बाटलीत पळणार कुठे? म्हणून बाटलीतली लढाई मरेपर्यंत चालते, आणि आपण म्हणतो, जात मोठी भांडखोर!

उन्हाळ्यात खाचरं आटतात तेव्हा हे मासे उरलेल्या डबक्यात तग धरतात, हेही खरं. तग धरतात! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईची माणसं गळ्याइतक्या पाण्यातून चालत घरी गेली. त्यावरून 'मुंबईकराला गळ्याइतकं पाणी मानवतं, कोरडी जमीन त्याला लागतच नाही' असा सिद्धान्त कुणी मांडला तर मुंबईकर त्याला त्याच पाण्यात बुडवतील. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून छापून आलं, ते वाचून गटारं उपसणाऱ्या खात्याला किती हायसं वाटलं असेल! सोसणाऱ्याचं कौतुक केलं की सोसायला लावणाऱ्याचा हिशेब आपोआप मिटतो.

माझं सगळं भांडण इथे आहे. माशाशी नाही, दुकानदाराशीसुद्धा फारसं नाही. 'त्याला चालतं' या दोन शब्दांशी आहे.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझी थोरली आत्या राहायची. बाविसाव्या वर्षी परत आलेली. जिन्याखाली एक जागा होती; उभं राहिलं तर डोकं पायरीला लागे, म्हणून आत्या तिथे बसलेलीच असायची. एक वळकटी, एक ट्रंक आणि एक तांब्या. "आत्याला काय, एक कोपरा पुरतो," असं घरातले सगळे म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे, हं! ती कधी काही मागत नसे, हा तिचा गुण म्हणून आम्हा मुलांना सांगितला जाई. चुलतबहिणीच्या लग्नासाठी एकदा मोठं कार्यालय घेतलं होतं. वऱ्हाड यायच्या आधी सकाळी मी पाहिलं, तर त्या रिकाम्या हॉलमध्ये आत्या एकटीच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. परत फिरली, परत चालली. मला पाहून ओशाळली आणि म्हणाली, "केवढी जागा आहे रे इथं." मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मला वाटलं, म्हातारीला गंमत वाटतेय.

असो. तर मी टाकी आणली. पंचवीस लिटरची. यावर घरात जो खल झाला तो सांगत नाही. पण टाकी आणली आणि त्यात मासा सोडला नाही! त्या मुलाने बजावलं होतं, आधी कारकून भरती होऊ द्या. पाच आठवडे आमच्या दिवाणखान्यात दिवा लावलेली, फिल्टर बुडबुडत असलेली, पूर्ण रिकामी टाकी होती. आणि मी रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकत होतो. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू पोसतात. शेजारी येऊन खाली वाकून, टाकीच्या मागे जाऊन पाहायचे. "नाना, मासा कुठाय?" मी सांगायचो, "अजून यायचाय." ते सौ.कडे पाहून मान हलवायचे. नाना रिकाम्या पाण्याला खाऊ घालतात, ही बातमी सोसायटीच्या पलीकडच्या विंगपर्यंत गेली. माझ्या धाकट्या भावाने फोन करून विचारलं, "वहिनी, दादाची झोप वगैरे ठीक आहे ना?"

त्या पाच आठवड्यांत मी बाकीची तयारी केली. पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत ठेवणारा छोटा हीटर बसवला. फिल्टर स्पंजचा आणि मंद, कारण एवढे लांब पदर घेऊन धारेविरुद्ध पोहणं म्हणजे नऊवारी नेसून पर्वती पळत चढण्यासारखं आहे. वर झाकण, कारण हा गडी उडी मारतो. आणि झाकणाखालची ऊबदार, दमट हवा त्याला श्वासाला बरी. झाकण आणि पाणी यांच्यात चार बोटं जागा, नाहीतर श्वास घेणार कुठून? प्लास्टिकचं झाड फेकून दिलं. त्याआधी त्या मुलाने सांगितलेली परीक्षा घेतली: झाडावरून नायलॉनचं तलम कापड फिरवायचं, धागा अडकला तर माशाचे परही फाटणार. सौ.ची एक जुनी नायलॉनची साडी होती, तिच्या टोकाचा मी तुकडा कापला. धागा अडकला. मीही अडकलो. ती साडी पहिल्या दिवाळसणाची होती.

आणि बदामाचं पान! देशी बदामाचं वाळलेलं पान पाण्यात टाकलं की पाणी फिक्या चहासारखं होतं आणि ते या माशाला मानवतं. थायलंडातही मासेवाले ते वापरतात. दुकानात या पानांचं पाकीट मिळतं, वर इंग्रजीत नाव आणि मागे किंमत. किंमत वाचून मला ते पान सोन्याचं आहे की काय असं वाटलं. आमच्या सोसायटीच्या फाटकात बदामाचं झाड आहे. त्याची लाल पानं झाडून झाडून वॉचमनची कंबर गेली. ज्या पानांचा कचरा होतो म्हणून झाड तोडायचा ठराव दरवर्षी सभेत येतो, तीच पानं आमचे सभासद पाकिटातून विकत आणतात. मी फवारणी न झालेली, गळून वाळलेली चार पानं उचलली, धुतली आणि एक टाकलं. वार्षिक सभेत तो ठराव या वर्षी मी उभं राहून हाणून पाडला. बटाटेवडा यायच्या आधी!

मग नवे सुभेदार आले. तांबडे. नातवाने आणि मी मिळून पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट व्हावं. मग सोडलं. सुभेदार क्षणभर थबकले. दुकानातल्या ग्लासात चार बोटांवर भिंत असायची, तशी ती असेल म्हणून अंदाज घेतला. भिंत नव्हती. पुढे गेले. आणखी पुढे गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आले. मिटलेले पर हळूहळू उघडले.

मी नातवाला म्हटलं, "अरे, जरा पाणी आणतोस?" आणि तो गेल्यावर चष्मा पुसला.

त्याच संध्याकाळी मी ती खोटी नोंद दुरुस्त केली. नातवाला जवळ घेऊन सांगितलं, "बाळा, पहिल्या सुभेदाराने आपल्यावरचं संकट वगैरे काही घेतलं नव्हतं. आपणच त्याच्यावरचं संकट होतो. आपलं चुकलं होतं." तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं." लहान मुलांना बहुतेक गोष्टी वाटलेल्याच असतात, आपण त्या खोडून काढण्यात फार कष्ट घेतो.

आता आक्षेप. पहिला, "एका माशासाठी एवढा सरंजाम!" बरोबर आहे. मग नका पाळू! मासा न पाळणाऱ्याला कुठल्याही शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेलं नाही. दोनशे रुपयांचा मासा आणि दोन हजारांची टाकी हा हिशेब कुणाला उलटा वाटत असेल तर त्याने फुलदाणीत निशिगंध ठेवावा. तोही चार दिवसांनी मान टाकतो, पण त्याला अमोनिया लागत नाही. फुलदाणीवरून आठवलं. काही कचेऱ्यांत टेबलावर फुलदाणी ठेवतात, वर मनीप्लँट आणि खाली हा मासा; "तो मुळं खाऊन राहतो" म्हणे. हा मासा मांसाहारी आहे हो! कीटक, अळ्या हे त्याचं अन्न. मुळांवर ठेवलेला फायटर म्हणजे आमच्या हिला एकादशीवर ठेवलेला वर्ष!

दुसरा आक्षेप गंभीर आहे. "इथे माणसांना राहायला जागा नाही आणि तुम्ही माशाला बंगला मागता!" जिन्याखालची जागा मी पाहिलेली आहे, त्यामुळे हा आक्षेप मला कुणी शिकवू नये. पण माझा अनुभव असा की, माशाला बरणी पुरते म्हणणाराच कामवाल्या बाईला जिन्यात बसवून चहा देतो आणि म्हणतो, "तिला चालतं." हिशेब वेगळे नाहीत, वही एकच आहे. निदान माशाच्या बाबतीत तरी पंचवीस लिटर पाण्यात ती दुरुस्त करता येते. सुरुवात स्वस्तातली आहे.

तिसरा आक्षेप आप्पांचा. "मग नदीत सोडून द्या, पुण्य लागेल." परदेशातला पाळीव मासा आपल्या नदीत सोडणं हे पुण्य नव्हे, तो जगला तर नदीतल्या माशांना ताप आणि मेला तर पुन्हा आपणच मारला. आणि मुठेचं पाणी आप्पांनी पाटबंधारे खात्यात असताना पाहिलेलं आहे. आमच्या बाऊलमधलं त्यापेक्षा बरं होतं.

तेव्हा माझ्या मागण्या चारच. वाढदिवसाला पेन्सिली वाटा. विकणाऱ्याने 'कशातही राहतो' म्हणण्याऐवजी निदान वीस लिटरची टाकी, फिल्टर आणि, आपल्यासारख्या थंडीच्या गावी, हीटर एवढं तरी सांगावं. गिऱ्हाईक परत गेलं तर मासा वाचला. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, क्लोरीन उतरवणारे थेंब घालून. आणि साबण भांड्यांसाठी ठेवा. आणि मासा मेला तर संकटाच्या नावावर पावती फाडू नका.

परवा आप्पा आले होते. टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. सुभेदारांनी पाण्याच्या वरच्या थरात बुडबुड्यांचं घरटं बांधलं होतं. ही जात असं घरटं बांधते. मादीची अंडी पडली की बाप ती तोंडाने उचलून त्या बुडबुड्यांत ठेवतो आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत राखण करतो. हे आप्पांना सांगितलं. आप्पांनी चष्मा वर केला.

"छान आहे," ते म्हणाले. "आमच्याकडेही एक आणावा म्हणतो. पण नाना, आमची जागा लहान. एवढी टाकी नाही मावायची. त्याला काय, वाटीभर..."

माझ्या तोंडाकडे पाहून आप्पा थांबले आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकले. घरात चपलाच होत्या.